डिस्पॅचला विचारून सांगतो

जेनला आपला शेवटचा आकडा आधीच ठाऊक असतो, ही शंका बळवंत ढोबळेच्या मनात उन्हाळ्यातच शिरली होती. बर्फ पडायला लागेपर्यंत शंकेची खात्री झाली.

जेन ही कॅनडातल्या कॅल्गरीची ब्रोकर. बळवंतने तिला कधी पाहिलं नव्हतं, आवाज तेवढा ओळखीचा. मालवाला एकीकडे, ट्रकवाला दुसरीकडे, आणि त्यांची गाठ घालून देणारा ब्रोकर मध्ये. मालवाल्याकडून तो किती घेतो आणि ट्रकवाल्याच्या हातावर किती ठेवतो, हे एक त्याला ठाऊक आणि दुसरं देवाला. देव काही फोनवर येत नाही. म्हणून ट्रकवाल्याने भाव करायचा असतो, आणि आपण कुठवर खाली उतरू हे समोरच्याला कळू द्यायचं नसतं. सगळा खेळ तेवढाच.

बळवंतचा ट्रक स्वतःचा, परवाना स्वतःचा. आधी तो मिसिसागात गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर होता. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा मराठी मंडळातल्या रिटायर्ड डॉक्टरांनी त्याला कुठले कुठले कोर्स सुचवले, आणि याने सरळ जाऊन ट्रकचं लायसन्स काढलं. ट्रक स्टॉपवरचे पंजाबी अजून विचारत, "मराठी बंदा और ट्रक? सच बताओ पाजी, घर से भागे हो क्या?" तो म्हणे, "घरवाली से पूछो, वही मेरी डिस्पॅच है."

आणि ते खरंच होतं. मोठ्या कंपन्यांच्या ड्रायव्हरमागे माल आणि भाव ठरवून देणारं डिस्पॅचचं ऑफिस असतं; बळवंतमागे नीलिमा होती, मिसिसागाच्या घरात, गॅसपाशी. भाव ऐन रंगात आला की तो ब्रोकरला इंग्रजीत म्हणे, "एक मिनिट, डिस्पॅचला विचारून सांगतो," आणि डॅशबोर्डवरच्या दुसऱ्या फोनकडे तोंड करून मोकळ्या मराठीत सुरू करी.

"नीलिमा, ही छत्तीसशेवर अडून बसलीय. अडतीसच्या खाली परवडणार नाही ना गं?"

कुकरची शिट्टी. मग नीलिमा. "डिझेल कितीला भरलंत? अडतीसच्या खाली एक डॉलर नाही. तुम्ही चाळीसपासून धरा."

म्यूटचं बटण तो दाबत नसे. एकदा दाबलं होतं, तर ब्रोकरला वाटलं लाइनच गेली, आणि लोड दुसऱ्याच्या ट्रकवर चढला. शिवाय म्यूट हवंच कशाला? कॅल्गरीतल्या ब्रोकरच्या ऑफिसात मराठी कुणाला कळतंय? इतर ब्रोकरांवर या युक्तीचा परिणामही होई. डिस्पॅचची बाई तारस्वरात काहीतरी बजावतेय म्हटल्यावर ते शे-पन्नास वाढवून मोकळे होत. जेन वाढवत नसे. ती शांत ऐकून घेई आणि म्हणे, "थर्टी-एट हंड्रेड, बल. बेस्ट आय कॅन डू." दर वेळी तोच, त्याच्या पोटातला आकडा.

बळवंतने आधी फोन बदलला. मग ट्रकमध्ये कुणी यंत्रबिंत लपवलंय का म्हणून सीटखाली टॉर्च मारून पाहिलं. काही सापडेना, तेव्हा त्याचा संशय माणसाकडे वळला.

माणूस एकच होता. योगेश रणपिसे.

योगेश मिसिसागातच एका फर्निचर कंपनीत शिपिंग बघायचा. त्याच्या कंपनीचा पश्चिमेकडचा सगळा माल जेनमार्फत जाई, आणि जेनशी बळवंतची ओळख त्यानेच करून दिली होती. रोज सकाळी कामावर जाताना तो गाडीतून बळवंतला फोन करी. "आज आमची कंपनी त्या रूटला एवढे देतेय. म्हणजे तुझे इतके तरी सुटलेच पाहिजेत. फसू नकोस." बळवंत त्याला सांगे, "मी अमुकच्या खाली जाणार नाही." दोन मित्रांमधलं बोलणं.

आणि मित्र तरी कसे! मंडळाच्या कीर्तनाला बळवंत झांज धरून उभा, आणि तबल्यावर योगेश. योगेश रविवारी आंबेडकर असोसिएशनचा सेक्रेटरी आणि शनिवारी बुवांचा तबलजी. त्याचे वडील जयंतीच्या कार्यक्रमांत ढोलकी वाजवत. हात तिथून आलेला. मंडळात कुणी कौतुकाने विचारलंच तर म्हणे, "तुमच्या देवाशी माझं काही देणंघेणं नाही. पण बुवांचा ठेका कुणी मोडला तर मला झोप लागत नाही." बळवंतला हे फार आवडे. माणूस देव मानत नाही आणि गजराला समेवर असा येतो की देवानेही मान डोलवावी.

पण संशय एकदा घरात घेतला की तो जेवायलाही बसतो. योगेशने नवे विंटर टायर घेतले. पगारात बसतात का असले टायर? योगेश हल्ली फोन लवकर ठेवतो. का? योगेश परवा म्हणाला, "जेन बाई सरळ आहे." याला काय माहीत, सरळ का वाकडी?

त्या आठवड्यात बळवंत कॅल्गरीत रिकामा ट्रेलर घेऊन उभा होता. परतीचा माल मिळवून घरी जायचं होतं. सकाळी योगेशचा फोन आला तेव्हा त्याने ठोकून दिलं, "आज बेचाळीसशेच्या खाली उतरायचं नाही, असं ठरवलंय."

"बेचाळीस? तिकडून इकडे?" योगेश हसला. "बघ बाबा. हवा खराब आहे, मिळतीलही."

मग बळवंतने जेनला फोन लावला. तिच्याकडे मिसिसागाचा लोड होता. ती छत्तीसशे म्हणाली. हा म्हणाला, सुपीरियर सरोवराच्या काठाने रस्ता बंद पडतोय, बातम्या बघ. ती म्हणाली, मग तुला किती हवेत ते तरी सांग.

"एक मिनिट. डिस्पॅच."

दुसऱ्या फोनवर नीलिमा होतीच.

"ऐक. आज सोक्षमोक्ष लावतो," बळवंत म्हणाला.

"कसला?"

"योगेशचा. आपला खरा आकडा अडतीसच. पण योगेशला मी बेचाळीस सांगितलंय. आता ही बया बेचाळीस म्हणाली, की समजायचं आपल्या आतल्या बातम्या कोण पुरवतो ते."

"अहो, काय हे! योगेशभावजी? तुमच्या आजारपणात घरासमोरचा बर्फ कोण शोव्हल करत होतं?"

"म्हणूनच. माणूस जवळचा असल्याशिवाय आतलं कळत नाही."

"आणि ती अडतीस म्हणाली तर?"

बळवंत अडखळला. "तर... अडतीस फक्त मला आणि तुला माहीत आहे."

"म्हणजे मी?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे! तिने तोंड उघडलं की एकतर योगेशभावजी चोर, नाहीतर मी चोर. तुम्ही तेवढे साव. मला त्या बाईचं अर्धं इंग्रजी कळत नाही, मी कुठून भाव फोडणार?"

पहिल्या फोनवर विलक्षण शांतता होती. एरवी जेन वाट पाहताना कीबोर्ड बडवत असे. आज तोही आवाज नाही.

"जेन? यू देअर?"

"आय'म हियर." तिने घसा साफ केला. "फोर थाउजंड फिफ्टी, बल."

चार हजार पन्नास. एवढे तिने परतीच्या लोडला आजवर कधी दिले नव्हते. दुसरा कुणी असता तर देवाचं नाव घेऊन हो म्हणाला असता. बळवंतच्या डोळ्यांपुढे मात्र वेगळंच गणित उभं राहिलं.

"ऐकलंस? अडतीस आणि बेचाळीसच्या मधोमध चार हजार. आणि सरळ चार हजार दिसू नयेत म्हणून पन्नास चिकटवले. असा आकडा कुणी शिकवल्याशिवाय तोंडात येतो होय?"

"अहो, पण ती बेचाळीस कुठे म्हणाली?"

"म्हणेल कशी! योगेश हुशार आहे. त्याला सकाळीच वास आला असणार. त्यानेच सांगितलं, बेचाळीस म्हणू नकोस, मी उघडा पडेन."

"मग ती काय म्हणाली असती तर भावजी सुटले असते?" नीलिमाने विचारलं.

रागाच्या भरात त्याने नीलिमाच्या फोनवरच योगेशलाही जोडून घेतलं.

"बोल बळवंत. झाला का लोड?"

"झाला. तुझ्या कृपेने! रोज सकाळी गोड बोलून माझा आकडा काढून घेतोस. कंपनीचे भाव चोरून मला सांगतोस आणि माझे भाव तिला. दोन्ही ताटांत जेवतोस, योगेश. किती मिळतात रे आकड्यामागे? टायर त्यातलेच का?"

पलीकडून अगदी दबका आवाज. "बळवंत, हळू बोल. मी ऑफिसात आहे. आणि तू काय बोलतोयस?"

"हळू कशाला? कोण ऐकतंय इथे?"

"मी ऐकतेय."

आवाज पहिल्या फोनमधून आला. र जरा जिभेवर वळलेला, पण मराठी.

"योगेशनी मला काही सांगितलेलं नाही. तुमचा आकडा मला तुम्हीच सांगता. एव्हरी सिंगल टाइम. वहिनींना विचारता ना, तेव्हा."

कुकरची शिट्टी झाली आणि तीही ओशाळल्यासारखी मध्येच बसली.

"अगंबाई," नीलिमा म्हणाली. "तुम्ही आपल्यातल्या?"

"जयंती. ऑफिसात जेन. आईबाबा बाहत्तर साली इथे आले. घरात मराठीच होतं, इंग्रजीत बोललं तर बाबा उत्तर देत नसत."

बळवंत म्हणाला, "मग पहिल्याच दिवशी सांगायचं ना."

"सांगणार होते. इतकं छान वाटलं मराठी ऐकून. पण मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही अडतीस म्हणालात. मग..." ती थांबली. "इट्स माय जॉब. तुम्ही पत्ते माझ्याकडे तोंड करून धरले होते. मी डोळे मिटून घ्यायचे का? पण आज तुम्ही जे काही ठरवलं होतं ना... बेचाळीस म्हटलं असतं तर योगेश गेले असते. अडतीस म्हटलं असतं तर वहिनी. म्हणून मी मधलं काहीतरी म्हटलं. तेही तुम्हाला चाललं नाही."

दुसऱ्या फोनवर एक बारीकसा टक आवाज झाला. योगेशने फोन ठेवला होता.

बळवंतने लोड घेतला, चार हजार पन्नासला. आणखी काय करणार? माल भरला आणि पूर्वेकडे निघाला. योगेशला फोन लावत राहिला. वाजून वाजून बंद होई. एरवी सस्कॅचेवानच्या त्या सपाट रस्त्यावर तो कीर्तनाचं रेकॉर्डिंग लावी आणि बुवांबरोबर मोठ्याने गजर म्हणे. या खेपेला लावलं आणि लगेच बंद केलं. पेटीमागून तबला ऐकू येत होता.

विनिपेगला नीलिमाचा फोन आला. तिने आधी पोटभर सुनावलं. "गणपतीत स्यमंतक मण्याच्या आख्यानाला ढसाढसा रडलात. म्हणालात, देवावर चोरीचा आळ घेणारा तो कसला माणूस! आता आरशात बघा." मग तिचा आवाज उतरला. "पण मला दुसरीच भीती वाटतेय. तुम्ही त्या बाईच्या कानावर काय घातलंत, लक्षात आलंय का? भावजी कंपनीचे भाव तुम्हाला सांगतात, हे. आणि तिचं मोठं गिऱ्हाईक कोण? त्यांचीच कंपनी."

बळवंतने ट्रक बाजूला घेतला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. जयंतीने त्यांच्या मॅनेजरला नुसतं बोलता बोलता सांगितलं, तरी योगेशची नोकरी गेली. आळ खोटा होता. पण त्या आळाच्या पोटात योगेशचं एक खरं गुपित होतं, आणि ते याने स्पीकरवर ओरडून सांगितलं होतं.

मिसिसागात माल उतरवला आणि घरी न जाता तो योगेशच्या दारात गेला. योगेश ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होता. त्याने मान वर केली आणि पुन्हा फावडं घातलं.

"चुकलो, योगेश."

"हं."

"चुकलो म्हणून भागणार नाही, ते कळतंय मला."

"संशय घ्यायला तुला मीच सापडलो?" फावडं थांबलं नव्हतं.

"तुझ्याशिवाय मी आकडा सांगत कुणाला होतो?"

"वा. म्हणजे विश्वास ठेवलास हाच माझा गुन्हा." आता तो ताठ उभा राहिला. "त्या बाई बोलल्या नसत्या तर?"

बळवंतने खोटं बोलायचा विचार केला आणि सोडून दिला. "तर मी तुला चोरच समजलो असतो."

योगेशने फावड्यावरचा बर्फ झटकला. "निदान हे तरी खरं बोललास."

"मी तिला गप्प करतो," बळवंत घाईने म्हणाला. "सांगतो, पुढचे सगळे लोड तू म्हणशील त्या भावात नेतो, पण योगेशचं नाव—"

"खबरदार!" योगेशने फावडं बर्फात रोवलं. "एकदा झुकलास की तिला कळेल, योगेश नावाचं बटण दाबलं की बल खाली येतो. मग ती ते रोज दाबेल. माझ्या नोकरीचा भाव करायला तुला कुणी सांगितलं? करायचा तर लोडचा कर. नेहमीसारखा. ताणून."

"आणि ती चिडली तर?"

"तर मी बघेन. चूक माझीही आहे. मालकाचे भाव बाहेर सांगायला नको होते मी."

सोमवारी दुपारी लंचच्या सुट्टीत योगेश यार्डात आला आणि ट्रकची पायरी चढून बाजूच्या सीटवर बसला. "तुझ्यासाठी नाही आलोय," तो म्हणाला. "ती तुझ्याशी कशी बोलते, ते मला ऐकायचंय." बळवंतने जयंतीला सरळच सांगितलं, "फोन स्पीकरवर आहे, योगेश शेजारी आहे."

"बरं," ती म्हणाली. तिच्या आवाजावरून काही कळेना. "फर्निचर आहे, त्यांच्याच कंपनीचं. मिसिसागा ते कॅल्गरी. पंचेचाळीसशे."

थंडीत पश्चिमेला जायला हा भाव फार कमी होता. हा नुसता भाव, की धाक? हिने मुद्दाम योगेशच्याच कंपनीचा लोड का काढला? त्यांच्याच कंपनीचं, असं का म्हणाली? त्याने शेजारी पाहिलं. योगेशचा चेहरा दगडासारखा होता, पण गुडघ्यावरची बोटं आपसूक ठेका धरत होती.

"बावन्नच्या खाली नाही जमणार," बळवंत म्हणाला.

"डिस्पॅचला नाही विचारायचं?"

"नाही."

"अठ्ठेचाळीस."

"बावन्न."

नुसता कीबोर्डचा आवाज. बळवंतला वाटलं, आता ती बोलेल. आता मॅनेजरबद्दलचा तो एक शब्द काढेल, अगदी गोड मराठीत, आणि योगेश शेजारी बसून ऐकेल.

"नाही जमत, बळवंत. माझ्याकडे एक जण पन्नासला उभा आहे. त्याला देते. नेक्स्ट टाइम, ओके? वहिनींना नमस्कार सांगा. योगेश, बाय." फोन बंद झाला.

"गेला लोड," बळवंत म्हणाला. आणि लगेच, "आता ती तुझ्या मॅनेजरला—"

योगेश हसायला लागला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. "अरे, तिच्या मुठीत तू होतास, मीही होतो. एक शब्द काढला असता तर तू पंचेचाळीसला नेला असतास, खरं सांग? आणि तिने काय केलं? दुसरा ट्रक बघितला. नुसता भाव केला तिने, बळवंत. जमला नाही, सोडून दिला."

"आज नाही काढला शब्द. उद्या काढला तर?"

"तू असाच राहा." योगेशने दार उघडलं. गार वारा आत आला.

"सकाळचा फोन?"

"तो बंद. बाजार आता तुझा तू बघ." तो खाली उतरला आणि दाराला हात लावून उभा राहिला. "तब्येतीची चौकशी करायला फोन केलास तर उचलेन. रोज उचलेन असं नाही."

तो यार्ड ओलांडून गाडीकडे निघाला. बळवंतने फोन हातात घेतला. लोडसाठी तीन-चार ब्रोकरांना लावायला हवे होते, दुपार निघून चालली होती. त्याने योगेशला लावला. गाडीपाशी पोहोचलेल्या योगेशने खिशातून फोन काढला, स्क्रीन पाहिली, आणि वळून ट्रककडे पाहिलं.

मग उचलला.

"काय आता?"

"जेवलास का?"

"तुझ्या नादात कुठे जेवतोय," योगेश म्हणाला.